आपल्याच डोंगराखाली दोन रात्री

शेतकऱ्याच्या घरातली बाई घराबाहेर केव्हा झोपते, याचा हिशेब तुम्ही कधी मांडून बघितलाय का? माहेरचं कार्य, लेकीचं बाळंतपण, कुणाचं दहावं-तेरावं आणि दवाखाना. चार बोटांत हिशेब संपतो. नुसतं मन रमावं म्हणून उंबऱ्याबाहेर रात्र काढली, असं सांगणारी बाई आमच्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर शोधून सापडायची नाही. गुरं कोण बघणार, कोंबड्या कोण झाकणार, असे प्रश्न पुढे येतात आणि विचार तिथंच मिटतो.

परदेशात माणसं मोटारीमागे चाकांचं घर जोडतात आणि सरकारी उद्यानांत मुक्कामाला जातात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली अशा कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्या गाड्या आपल्या खिशाला परवडणाऱ्या नाहीत. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली घरी नसली, तरी गावात एखादी असतेच. आम्ही ती मागून घेतली आणि दोन वर्षं मुक्काम केला. त्याचीच ही हकिगत.

यामागे हौस होती असं मात्र समजू नका. २२ जुलै २०२१ ला आमच्या महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसं गेली. त्याच सुमाराला महाड शहर पुराच्या पाण्यात बुडालं. आमचं घर वाचलं, पण घरातली झोप गेली. पावसाचा जोर वाढला की माझा धाकटा मुलगा पायात चपला घालूनच अंथरुणावर बसायचा. सासूबाईंचं माहेर शिवथरच्या खोऱ्यात. डोंगरात लहानाची मोठी झालेली ही बाई, पण “त्या डोंगराचं नाव नको” म्हणून तिनं माहेरची वाट सोडली. शेवटी आमचे हे म्हणाले, “डोंगराला पाठ करून आपल्याला इथं राहता यायचं नाही. कोरड्या दिवसांत एकदा त्याच्याखाली झोपून येऊ.”

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली. शनिवार-रविवार जोडून मुंबईचे दीरही आले. भात झोडून कणगीत पडलं होतं, वालाच्या शेंगा नुकत्या भरत होत्या. गुरांचा प्रश्न सावडीने सुटला. शेजारणीने आमचा गोठा तीन दिवस बघायचा, पुढच्या आठवड्यात ती माहेरी जाईल तेव्हा मी तिचा बघायचा.

ट्रॉलीत तळाला पेंढा घातला. त्यावर गोधड्या, घोंगड्या, ताडपत्री, बांबू, पाण्याचे पिंप, तांदळाचं पीठ, सुकट, कांदे आणि एक मोठं मडकं. माणसं मात्र ट्रॉलीत बसवली नाहीत. ट्रॉलीतून माणसं नेणं कायद्यात बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही. ट्रॅक्टरवर एकटे हे. आम्ही सगळी एसटीने, आणि उरलेली वाट पायी.

मुक्काम सासूबाईंच्या भावाच्या खाचरात होता. जागा त्यांनीच निवडली. ओढ्याकाठी सपाट, गार जागा होती, ती त्यांनी बघताक्षणी नाकारली. “ह्यो वढा आत्ता झोपलाय. त्याच्या अंथरुणात आपुन झोपायचं नाय,” म्हणाल्या. डोंगराच्या सोंडेखालची जागाही सोडायला लावली. मोकळ्या खाचरात ट्रॉली उभी केली, ट्रॅक्टरपासून सोडवली नाही, चाकांना दगडांची अटण लावली. बांबू आडवा टाकून वरून ताडपत्री ओढली. म्हाताऱ्या माणसाला जमिनीची ओल आणि दव लागू नये म्हणून सासूबाई ट्रॉलीत. बाकी आम्ही शेजारी पेंढ्यावर.

संध्याकाळी पोपटी लावली. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, आणि तोंडाला पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घातलं. भोवती गवत-गोवऱ्यांचा जाळ. हे काम पुरुषांनी केलं. मी आणि जाऊ हात धुऊन बसलो होतो. तुम्हाला सांगते, आयतं गरम ताट पुढ्यात येणं ही काय चीज आहे, ते त्या रात्री कळलं.

आदल्या दिवशीच पौषी पौर्णिमा झालेली. जेवणं होईतो डोंगरामागून चंद्र वर आला आणि सगळं खोरं टिपूर चांदण्यात उजळलं. कुठंतरी भेकर ओरडलं. मुलगा दचकून आजीजवळ ट्रॉलीत चढला आणि त्यानं अडीच वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला, “आजी, हा डोंगर पण खाली येईल?”

आम्ही सगळे गप्प. सासूबाई थोडा वेळ डोंगराकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “येईल का, ते मला नाय सांगता येत, बाळा. पर बघायचं काय, ते सांगते. उतारावर नवी भेग दिसली, उभं झाड कललं, झऱ्याचं पानी येकाएकी गढूळ झालं नायतर आटलं, की भांडीकुंडी बघायची नायत. म्हाताऱ्याला आन् पोराला धरायचं आन् निघायचं. आन् कदी कदी तो न सांगताच येतो. म्हनून सरकारी मानूस ‘निघा’ म्हनला, तरी निघायचं.”

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन त्या स्वतः उतारावर फिरल्या. पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं, कुठल्या बांधाखाली झरा फुटतो, सगळं हाताने दाखवलं. दुपारी आम्ही शिवथरघळीत जाऊन आलो. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला ती ही घळ, असं मानतात. पावसाळ्यात जिथं शेजारचा धबधबा दुसरं काही ऐकू देत नाही, तिथं जानेवारीत निवांत बसता येतं. रात्री सासूबाई बोलत राहिल्या, आणि बोलता बोलता ट्रॉलीतच गाढ झोपल्या.

एका मुक्कामाने भीती गेली, असं खोटं सांगणार नाही. त्या वर्षीच्या पावसातही मुलाच्या चपला उशाशीच होत्या. पण सकाळी उठून तो आमच्या झऱ्याचं पाणी बघून यायचा आणि आजीला सांगायचा, “नितळ आहे.” नुसतं घाबरणं आणि डोळे उघडे ठेवणं यांत फरक आहे. तो त्याला त्या खाचरात समजला.

पुढच्या वर्षी आम्ही पोलादपूर तालुक्यात उमरठला गेलो. तिथं तानाजी मालुसरे आणि शेलारमामा यांच्या समाध्या आहेत. ४ फेब्रुवारी १६७० चा कोंढाणा मुलांनी पुस्तकात वाचला होता. आपल्याच शेजारच्या तालुक्यातल्या माणसाची ती गोष्ट आहे, हे समाधीपुढे उभं राहिल्यावर त्यांच्या मनात उतरलं.

तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. जागा कुणाचीही असो, मालकाला विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नका. जंगलाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीविना मुक्कामही नको आणि चूलही नको. निघताना विस्तवावर पाणी ओतून राख हाताने चाचपा. एका ठिणगीने अख्खा डोंगर वणव्यात जातो. सावित्रीच्या डोहांत मगरी आहेत, तिथं मुलांना उतरू देऊ नका. सकाळी चपला झाडून घाला. आणि पावसाळ्यात हा बेत मनातसुद्धा आणू नका.

शहरातली माणसं आता पैसे मोजून खेड्यांतल्या शेतात राहायला येतात. येऊ देत, चार पैसे आपल्याही हाती येतील. पण त्या शेताची रात्र आधी आपल्या घरच्या बाईने आणि पोरांनी बघितलेली असावी. घरात एखादं म्हातारं माणूस असेल, डोंगर-ओढ्याची भाषा ज्याला येते, तर येत्या हिवाळ्यात त्याला सोबत घ्या. दोन रात्री पुरतात. सामान बेतानं न्या, मडकं मात्र मोठं घ्या.