काठी पेलताना

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि ७ नंदीध्वजांच्या काठ्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतला एक जण कमरेच्या पट्ट्यावर काठीचा भार घेतो, नजर शेंड्याला लावतो आणि पाऊल उचलतो. सोबतचे लगटून चालतात, पण त्या घटकेला तोल त्याचा एकट्याचा असतो. काम सोपवणं म्हणजे काय, ते मला इथं सगळ्यांत स्पष्ट दिसतं. या काठ्या निरनिराळ्या समाजांकडे आहेत, आणि त्या जबाबदारीला सोलापूरकर काम म्हणत नाहीत, ‘मान’ म्हणतात. याच शहरात हजारो बायका घरी बिड्या वळतात. पानं आणि तंबाखू मोजून मिळतात, बिड्या मोजून घेतल्या जातात, न पटलेल्या छाट म्हणून बाजूला पडतात. बोटांतलं कसब बाईचं, पण चांगलं काय आणि वाईट काय हे ठरवणार दुसराच. याला काम वाटून देणं म्हणावं, सोपवणं नव्हे. आपल्या बहुतेक कचेऱ्यांत हेच चालतं: फाइल हाताखालच्याकडे जाते, निर्णय साहेबाच्या टेबलावरच राहतो, आणि दर तासाला ‘कुठवर आलं?’ म्हणून फोन येतो.

यावर साहेब म्हणेल, चुकलं तर जाब मलाच द्यावा लागतो. खरं आहे; काम दिल्यानं उत्तरदायित्व सुटत नाही. म्हणून तर काळजी आधी घ्यायची. मान पिढीजात असला तरी काठी वारशानं पेलत नाही. यात्रेच्या कितीतरी दिवस आधी सराव सुरू होतो. शिकवत बसण्यापेक्षा स्वतः केलेलं लवकर होतं, हा दुसरा आक्षेपही पहिल्या खेपेपुरता खराच आहे. पण यात्रा दरवर्षी येते, आणि जुने खांदे दरवर्षी वर्षानं थकतात. सरावात चूक परवडते. तिथं बाराबंदी नसते, अक्षता टाकायला लोटलेली गर्दी नसते. नवखा पोरगा डगमगला, तर जाणत्यानं काठी हिसकावून घ्यायची नसते. पाय कुठं रोवायचा, एवढंच सांगून पुन्हा त्याच्याच हाती द्यायची असते.