स्फूर्तिदेवतेचा कुंचला

धाकट्या सूनबाईंनीं फॅशनचें एक जुनें मासिक घरीं आणून ठेविलें होतें. असल्या गुळगुळीत कागदांकडे पाहण्याची आमची वृत्ति नाहीं. परंतु परवां वामकुक्षी आटोपून उठलों तों वर्तमानपत्र जागेवर नव्हतें, आणि हातास हेंच लागलें. उंची वस्त्रांच्या जाहिराती चाळतां चाळतां एका छायाचित्रापाशीं आम्ही थबकलों. समुद्रकिनाऱ्यावरून एक तरुणी हंसत पुढें चालली आहे आणि मागून एक वृद्ध गृहस्थ भली मोठी छत्री धरून येत आहेत. छत्री धरणारे जगद्विख्यात चित्रकार पिकासो. तरुणी त्यांची स्फूर्तिदेवता, फ्रान्स्वाज जिलो. छायाचित्र १९४८ सालीं रॉबर्ट कापा यांनीं घेतलेलें.

राणीवर छत्र धरणारा सेवक आम्हांस आठवला, व ‘केवढें हें भाग्य!’ असें आम्हीं मनांत म्हटलें. शेजारीं बाईंची उतारवयांतील मुलाखत होती. शब्दकोश घेऊन ती वाचून संपविली, तेव्हां मात्र आमचें मत पार बदललें होतें.

बाईंचा जन्म १९२१ सालचा, पॅरिसजवळचा. आई जलरंगांत चित्रें काढीत. मुलीनें वकील व्हावें ही वडिलांची इच्छा. ती मोडून मुलीनें कुंचला धरिला. १९४३ सालीं पिकासोंची गांठ पडली तेव्हां बाई एकवीस वर्षांच्या, ते एकसष्ट वर्षांचे. त्याच वर्षीं पॅरिसमध्यें बाईंच्या चित्रांचें प्रदर्शनहि भरलें. म्हणजे स्फूर्तिदेवता होण्यापूर्वींच त्या चित्रकार होत्या! विवाहावांचूनचें तें सहजीवन आमच्या संस्कारांस रुचणारें नव्हे; तें असो. पिकासोंनीं १९४६ सालीं त्यांना फुलाच्या रूपांत रंगविलें. दोन अपत्यें झालीं. १९५३ सालीं मुलांना घेऊन बाई आपण होऊन निघून गेल्या. १९६४ सालीं त्यांनीं त्या सहवासावर पुस्तक लिहिलें. तें बंद पाडावयास पिकासो न्यायालयांत गेले आणि हरले. १९७० सालीं बाईंनीं पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क यांच्याशीं विवाह केला. कुंचला मात्र खालीं ठेविला नाहीं. २०२३ सालीं, वयाच्या १०१ व्या वर्षीं, न्यूयॉर्कमध्यें त्यांचा अंत झाला. त्यांचीं चित्रें तेथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहेत.

आम्हीं सारी हयात संस्कृत शिकविण्यांत घालविली. राजा अग्निमित्र मालविकेस प्रथम चित्रांत पाहतो आणि मोहित होतो, हा प्रसंग आम्ही वर्गांत मोठ्या रसानें सांगत असूं. ती मालविका स्वतः नृत्यांत निपुण, गणदासाची आवडती शिष्या. तिच्या त्या परिश्रमाची वाट मात्र आम्ही एका वाक्यांत लावीत असूं. जी पाहिली जाते, तिलाहि डोळे असतात व हात असतात, हें आमच्या ध्यानांतच आलें नाहीं.

हे विचार चालले असतांना आमची मंडळी चहा घेऊन आली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीं आम्ही तिच्यावर वृत्तबद्ध कविता रचीत असूं. ती समोर बसून ऐके. तिच्या सामानांत त्या वेळीं एक रंगपेटी होती. चित्रकलेच्या पुढील परीक्षेस बसूं का, असें तिनें एकदां भीत भीत विचारलें होतें. ‘आतां संसार सांभाळ,’ हें उत्तर आमचेंच.

छायाचित्र दाखवून आम्हीं तिला सारी हकीकत सांगितली, आणि मग विचारलें, “तुझी ती रंगपेटी कोठें आहे?”

“रंग केव्हांच वाळून गेले,” ती म्हणाली, “डबा थोरल्याला शाळेंत न्यायला दिला होता. चहा निवतोय.”

एवढें बोलून ती आंत गेली. तिच्या स्वरांत राग नव्हता. तो असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही बाजारांतून नवी रंगपेटी व दोन कुंचले घेऊन आलों. आज पंधरवडा झाला, पेटी देवघराच्या कोनाड्यांत आहे. तिच्यावरील कागद अजून फोडलेला नाहीं; परंतु तिच्यावर धूळहि बसूं दिलेली नाहीं. तो कागद फोडण्याचा आग्रह आम्ही करीत नाहीं. तेवढा अधिकार आतां तिचा.