फुटलेल्या ठशाची नाणी

जुन्या नाण्यावरील ओरखडा आणि ठशाची चीर यांत एकच भेद आहे, पण सगळा व्यवहार त्यावर अवलंबून असतो. ओरखडा आत गेलेला असतो, चिरेची रेघ वर उठलेली असते. तिरप्या उजेडात भिंगाखाली नाणे धरले की हे कळते.

ठसा पोलादाचा असला तरी हजारो घावांखाली तोही थकतो. त्याला बारीक चीर जाते, पुढच्या प्रत्येक घावाबरोबर चकतीचा धातू तीत शिरतो आणि नाण्यावर केसासारखी रेघ उमटते. टाकसाळीने ठसा बदलला नाही, तर चीर रुंदावते आणि अखेरीस काठाचा तुकडा निखळतो. त्या पोकळीत धातू भरून नाण्यावर अक्षरहीन, गुळगुळीत फुगवटा तयार होतो. इंग्रजी संग्राहक त्याला ‘कड’ म्हणतात. मराठी कडेशी त्या शब्दाचे नाते नाही. पण हा दोष कडेलाच होत असल्याने नाव ध्यानात राहते.

एकाच ठशाची नाणी जमली, तर त्या ठशाचे उतारवय क्रमाने मांडता येते. माझ्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ सालचे तीन पाव आणे आहेत. पहिल्यावर चीर दिसते न दिसते, दुसऱ्यावर ती अक्षरांतून जाते, तिसऱ्यावर पानांच्या वेलीपर्यंत पोहोचते. मला या तिघांचे मोल सोन्याच्या मोहरेहून अधिक वाटते. बाजाराला वाटत नाही. शिवराईवर तर असल्या चिरांची कोणी दखलही घेत नाही, कारण तिथे प्रत्येक ठसा हाताने कोरलेला आणि चकती ठशाहून लहान; पूर्ण अक्षरे मिळाली तरी भाग्य!

किंमत दोषाने वाढते, पण सरसकट नव्हे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स टाकसाळीच्या १८८८ च्या एका डॉलरवर ठशाची चीर थेट स्वातंत्र्यदेवीच्या गालावरून गेली आहे. ‘स्कारफेस’ या नावाने तो ओळखला जातो आणि साध्या डॉलरच्या अनेक पटींनी विकला जातो. त्याच देशातील १९५० च्या दशकातील अनेक सेंटांवर ‘लिबर्टी’ शब्दातील बी आणि ई यांमध्ये ठशाची कपची उडून जादा उभी रेघ आली आहे. ती नाणी विपुल, म्हणून स्वस्त. दोष ठळक हवा, दुर्मीळ हवा आणि त्याला मागणारे हवेत.

गेल्या वर्षी नात्यातील एक काकू असाच एक पाव आणा घेऊन आल्या. काकांनी तो आयुष्यभर पेढीच्या तिजोरीत जपला होता. फोनवरून कोणीतरी त्याचे नऊ लाख देऊ केले होते. आधी पंधरा हजार ‘नोंदणी फी’ भरायची होती. पेढीवरचे कर्ज त्यातून फिटेल, अशी काकूंची आशा होती. असल्या फी मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. तो मी त्यांना वाचून दाखवला.

“म्हणजे नाणे खोटे आहे का, अण्णा?”

नाणे खरे होते. कडेला चांगला फुगवटा होता आणि त्याच्या बरोबर पाठीमागे, दुसऱ्या बाजूला, ढाल धरलेल्या सिंहाचा भाग फिका पडला होता. धातू पोकळी भरायला गेला की पलीकडची बाजू उपाशी राहते. नंतर चिकटवलेल्या किंवा ठोकलेल्या फुगवट्यामागे असा फिकेपणा बहुधा सापडत नाही. मी त्यांना हे सांगितले आणि किंमतही सांगितली: जाणकार गिऱ्हाईक भेटले, तर काही शे रुपये.

“मग ह्यांनी एवढे जपले कशाला?”

मी भिंग त्यांच्या हाती दिले. त्या बराच वेळ तो फिका सिंह न्याहाळत होत्या. फी भरण्याची मुदत त्याच संध्याकाळची होती. फोन दोनदा वाजला. त्यांनी तो उचलला नाही.