टेकडी, मी आणि एक छोटासा 'च'

पुण्यात दोन प्रकारची माणसं राहतात. रोज टेकडीवर जाणारी आणि 'सोमवारपासून टेकडी सुरू' म्हणणारी. मी चार वर्षं दुसऱ्या कॅटॅगरीत होते. मधे एकदा जिमचं वर्षाचं पॅकेज भरलं आणि जेमतेम अकरा वेळा गेले. तुमचा स्कोअर किती?

मग गेल्या वर्षी जूनमध्ये विम्यासाठी केलेल्या चेकअपचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी ६.१. म्हणजे डायबेटिस नाही, पण त्याच्या अंगणात. वय वर्षं अठ्ठावीस. आमच्या फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी आईची इन्शुलिन पेनं असतात. त्या आकड्याचा अर्थ मला कुणी समजावायची गरज नव्हती.

दुसऱ्याच दिवशी नवे शूज, मनगटावर फिटनेस बँड आणि चलो वेताळ टेकडी!

लॉ कॉलेज रोडच्या कांचन गल्लीतून वर चढलात की पाच-दहा मिनिटांत हॉर्नचे आवाज खाली राहतात. पावसाळ्यात पायवाट लाल चिखलाची होते, दोन्ही बाजूंना गिरिपुष्पाची झाडं आणि नशीब असेल तर मोराची केका. पुढे जुन्या दगडाच्या खाणीत साठलेलं पाणी, आणि सगळ्यात वर वेताळबाबाचं देऊळ. सुमारे २६०० फुटांवरचं हे शहरातलं सगळ्यात उंच ठिकाण. हवा स्वच्छ असेल तर इथून सिंहगडही दिसतो.

मी यातलं काहीच बघत नव्हते. मी बँड बघत होते. रोज दहा हजार पावलं, नो एक्सक्यूज! सलग एकोणीस दिवस.

विसाव्या दिवशी डेडलाइन होती. एकविसाव्या दिवशी झोप. बाविसाव्या दिवशी मनात आलं, 'गेलंच की सगळं आता', आणि रात्री अकराला मी एकटीने फॅमिली पॅक आइस्क्रीम संपवलं. पुढचे तीन आठवडे शूज दाराशी तसेच.

आळस? की आणखी काही?

खरं सांगायचं तर प्रश्न फक्त चालण्याचा नव्हता. अंघोळ ढकलत होते, फोन सायलेंटवर, सकाळी जाग आली तरी उठायचं कशाला हे कळत नव्हतं. मी त्याला आळस म्हणत होते. रूममेटने एक दिवस सरळ विचारलं, "शुगरसाठी डॉक्टर चालतो, मग याच्यासाठी का नाही?" आणि मला कौन्सेलरकडे पाठवलं.

तिथे कळलं की हे सौम्य डिप्रेशन आहे. उत्साह, झोप, भूक या गोष्टींवरच तो आजार हात मारतो. म्हणजे ज्या इंधनावर मी चढायचं म्हणत होते, तेच संपलेलं. वर मी स्वतःला शिव्या देत होते.

मॅडमनी मला मनातलं वाक्य कागदावर लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'मला रोज जायलाच हवं, नाहीतर मी बिनकामाची.' त्यांनी 'जायलाच' मधल्या 'च' भोवती गोल केला. "हा काढा. 'मला रोज जायला आवडेल.' आता एक दिवस चुकला तर काय होतं?"

काहीच होत नाही, बॉस. एक दिवस चुकतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून हेच सांगितलं. आपल्याला घटना जेवढी पाडत नाही, तेवढी तिच्याबद्दलची आपली हटवादी मागणी पाडते. आणि ते '२१ दिवसांत सवय लागते' वगैरे? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांचा अभ्यास करून २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आहे. मी एकविसाव्या दिवशी स्वतःला नापास करून बसले होते!

पुन्हा कांचन गल्ली

नवं टार्गेट ठरलं: फक्त पहिला चढ. मूड असो-नसो, शूज घालून तिथपर्यंत जायचं आणि हवं तर परत फिरायचं. बँड ड्रॉवरमध्ये.

सगळ्यात जास्त भीती होती ती रोजच्या मंडळींची. पुण्याचे आजोबा, टोमणा ठरलेला! माकडटोपीवाले काका समोर आले. "काय गं, गावाला गेली होतीस?"

"नाही काका, बरं नव्हतं."

"बरं. आज खाणीपर्यंत येतेस का?"

संपलं. हजेरी नाही, खुलासा नाही. मी त्या दिवशी खाणीपर्यंत गेले. पाण्याकडे बघत बसले आणि लक्षात आलं, हे तळं मी आधी एकोणीस वेळा ओलांडलं होतं, पण बघितलं नव्हतं.

२०२३ मध्ये टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकरांनी मोर्चा काढला, तेव्हा एका टेकडीसाठी एवढं काय, असं वाटलं होतं. आता नाही वाटत.

या फेब्रुवारीत, गिरिपुष्पाला गुलाबी बहर असताना, दुसरा रिपोर्ट आला. ५.८. अजून अंगणातच आहे, पण फाटकाजवळ! कौन्सेलिंग महिन्यातून एकदा चालू आहे. गेल्या आठवड्यात चार दिवस टेकडी चुकली. पाचव्या दिवशी गेले. काकांनी काही विचारलं नाही, मीही स्वतःला काही विचारलं नाही.

जायचंय? कांचन गल्ली, गोखलेनगर, पंचवटी, चतुःशृंगी, कुठूनही चढा. सकाळी लवकर जा, पाणी न्या, बाटली परत आणा. आणि चढायचं बळच उरलं नसेल तर आधी बोला. सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलते.