उरलेले दहा महिने

आमच्या गावात मुंबईहून आलेल्या माणसाला दोन प्रश्न एका दमात विचारतात. ‘कवा आलाव? कवा जानार?’ पहिल्याचं उत्तर द्यायच्या आत दुसरा आलेला असतो. त्यात खोच नसते. या पाखाडीने शंभर वर्षं जी माणसं चढून आली ती उतरून जाण्यासाठीच, त्यामुळे किती दिवस मुक्काम आहे हे कळलं की तांदूळ किती सडायचे ते ठरवता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

मार्च २०२१ मध्ये डोंबिवलीचं बिऱ्हाड मोडून आम्ही दोघं संगमेश्वर तालुक्यातल्या या घरी कायमचे आलो, तेव्हाही प्रत्येक अंगणातून हे दोन प्रश्न आले. दुसऱ्याला ह्यांनी उत्तर दिलं, ‘आता नाही जायचं.’ हे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता. दहावी झाल्यावर सोळाव्या वर्षी गाव सुटलं तेव्हापासून हे वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं. ऐकणाऱ्या बायका नुसत्या ‘बरं’ म्हणाल्या आणि आपापल्या कामाला लागल्या.

माझी गोष्ट वेगळी होती. मी गिरगावातल्या चाळीत जन्मले, वाढले. हे गाव माझं सासर. दर मे महिन्यात दोन आठवडे आणि भाद्रपदात गौरी-गणपतीचा एक आठवडा, असा छत्तीस वर्षांचा हिशेब मांडला तर मी इथे जेमतेम दोन वर्षं राहिले होते. तेवढ्यावर मी समजत होते की मला गाव माहीत आहे. घरात रातांब्यांचा आंबट वास, अंगणात वाळत घातलेली आंबापोळी, रात्री खळ्यात गोधड्यांवर झोपलेली मुलं. गणपतीत भरून वाहणारी विहीर, आरत्या, सगळ्या घरांत दिवे.

डोंबिवली सोडायची कारणं काही मोठी नव्हती. चार मजल्यांची इमारत जुनी झाली होती, लिफ्ट नव्हती, आणि तिसरा मजला माझ्या गुडघ्यांना झेपेना. इमारत पुन्हा बांधायची ठरली, म्हणजे तीन-चार वर्षं भाड्याच्या जागेत जाणार आणि पुढे वाढलेला मेंटेनन्स पेन्शनमधून भरायचा. मुलगा पुण्यात, त्याच्या घराचे हप्ते चालू. गावात मात्र चिऱ्याच्या भिंतींचं चार खणांचं घर कुलूप लावून उभं होतं. एवढं सगळं समोर असताना निर्णय अवघड नव्हता.

अवघड गेलं ते लोकल सोडणं. हे लोकांना खरं वाटत नाही. एकतीस वर्षं मी डोंबिवलीहून सीएसएमटीला जात होते, बायकांच्या डब्यातून. त्या डब्यात आम्ही मटार सोलले, दसऱ्याला गाडीला तोरणं बांधली, भिशी चालवली, एकीच्या मुलीचं लग्न जमवलं. गर्दीचा त्रास होताच, तो मी विसरलेले नाही. पण एकदा मुलुंडच्या पुढे मला चक्कर आली. डोळ्यांपुढे काळोख आला तरी मी खाली गेले नाही, कारण खाली जायला जागाच नव्हती. चार बायांच्या खांद्यांनी मला उभी धरली आणि घाटकोपरला कुणीतरी पाण्याची बाटली तोंडाला लावली. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

इथे आल्यावर पहिले दोन महिने आनंदाचे गेले. मग जून लागला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आडवा झाला आणि माजघरात सात ठिकाणी गळायला लागलं. माकडांनी कौलं हलवली होती, आणि पावसाआधी ती चाळून घ्यायला हवीत हे आमच्या दोघांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ह्यांचं बालपण इथलं, पण त्या वयात घराचं छप्पर दुसरं कुणीतरी बघत असतं. पातेली, परात, बादल्या मांडून आम्ही रात्र जागून काढली. सकाळी वरच्या घरातल्या काकी टोपलीभर सुकी लाकडं डोक्यावर इरल्याखाली घेऊन आल्या. काकी म्हणजे ह्यांच्या चुलत्यांपैकी एकांची बायको, सत्तरी ओलांडलेली. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि विचारलं, ‘पडवीला झापं न्हाय बांधलाव?’ नव्हती बांधली. लाकूडफाटा भरला नव्हता, आमसुलं केली नव्हती, सुकट आणली नव्हती.

तेव्हा मला कळलं की मी छत्तीस वर्षं मे महिना चुकीचा वाचत आले. आमच्या लेखी ती सुट्टी होती. अंगणात वाळणाऱ्या पोळ्या, साठं, पापड, सालं ही आमच्या मुलांना दिसणारी गंमत होती. इथल्या बायकांसाठी तो वर्षातला सगळ्यात घाईचा महिना होता, पुढच्या चार महिन्यांच्या बेगमीचा. त्यातच आम्ही आठ-दहा माणसं येऊन पडायचो आणि सासूबाई आमची सरबराई करता करता पावसाळाही भरून ठेवायच्या. त्या कधी कुणाला काही बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी काकींनी मला आमसुलं करायला बसवलं. पिकलेला रातांबा विळीवर मधोमध कापायचा, बिया आणि गर एका भांड्यात, सालं वेगळी. गराच्या रसात मीठ घालायचं, त्यात सालं बुडवायची आणि उन्हात पसरायची. संध्याकाळी गोळा करून पुन्हा त्याच रसात. असं रोज. काकी त्याला पूट देणं म्हणतात आणि सात पुटांखाली ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी साल लाल असतं आणि बोटाला रग लागते. तिसऱ्या दिवशी ते आक्रसतं, पाचव्या दिवशी जांभळट काळं होतं. सातव्या दिवशी हातात घेतलं तर वाकतं पण मोडत नाही, आणि मिठाची बारीक चमक वर दिसते. पाचव्या पुटाला मी म्हटलं, झालं की आता. काकींनी एक साल माझ्या तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबलं. कडेला ओल सुटली. ‘ही वल श्रावणात बुरशी धरील,’ त्या म्हणाल्या. बियासुद्धा टाकायच्या नाहीत. वाळवून, फोडून, उकळून त्यांचं तेल वर येतं, ते थिजताना मुठीत दाबून गोळा करायचा. लावणीच्या दिवसांत चिखलाने चिरलेल्या टाचांना तेच लावतात.

सासूबाईंच्या टाचा मला आठवल्या. सासरे लालबागच्या गिरणीत. गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, पैसे मनीऑर्डरने पाठवायचे. त्यांचा संसार म्हणजे वर्षाचे वीस-पंचवीस दिवस. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वर्षभर वाट बघून पुढच्या शिमग्याला सासरे ट्रंक घेऊन कायमचे घरी आले. सासूबाई सांगायच्या, की ते पहाटे गिरणीच्या भोंग्याच्या वेळेला उठून पडवीत बसत आणि कुठे जायचं हे न कळून उजाडेपर्यंत तसेच राहत. कोणता वाफा कोणाचा, पाणी कुठून वळवायचं, कुणाचं किती देणं, हे सगळं त्यांना बायकोला विचारावं लागे. ‘मानूस घरी आला, पन घरात यायला दोन पावसाळे लागले,’ हे सासूबाईंचं वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. आधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी ऐंशी हजारांहून जास्त घटली होती. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे रोह्यापासून पार मंगळूरपर्यंत धावू लागली. येणं सोपं झालं, तितकंच जाणंही. मुंबईतली माणसं या गावांना ‘रिकामी’ म्हणतात. आम्हीही म्हणायचो. रिकामं कुठे होतं? आम्ही नसताना इथे दाढ भाजली जात होती, लावणी होत होती, साकव दुरुस्त होत होता, म्हाताऱ्या माणसांचं शेवटचं पाणी तोंडात घातलं जात होतं. हे सगळं बायकांनी चालवलं. आमच्यासारखी माणसं निवृत्तीनंतर ‘परत’ येतात तेव्हा ती जणू आपण ठेवून गेलेली वस्तू उचलायला आल्यासारखी येतात, आणि मला वाटतं इथेच पहिली चूक होते.

ह्यांना याचा फार त्रास झाला. गाव त्यांचं, नदीचा प्रत्येक डोह त्यांना नावाने माहीत, पण बरोबरीचे मित्र बोरिवलीत, विरारमध्ये, काही देवाघरी. सातबाऱ्यावर तेवीस नावं. एका फणसाची फांदी तोडायची तर कुणाकुणाला विचारायचं हा प्रश्न. माझी इथली आठवणच थोडी, त्यामुळे मला विचारायला संकोच नव्हता. मी विचारत गेले आणि बायका सांगत गेल्या.

पहिल्याच पावसाळ्यात २२ जुलैचा दिवस आला. त्या दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं आणि महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं. महामार्ग बंद, रेल्वे बंद. आमच्या वाडीचा पऱ्या साकवावरून वाहत होता. वीज गेली, पाठोपाठ फोन गेले. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या, दोन दिवसांपुरत्या उरल्या होत्या. रत्नागिरीचं सिव्हिल हॉस्पिटल एरवी गाडीने सव्वा तासावर. त्या दिवशी ते मुंबईइतकंच लांब होतं. इथे यायचा विचार करणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. घर बघायला मे महिन्यात येऊ नका, जुलैत या. डॉक्टर किती लांब आहे ते जुलैच्या रस्त्याने मोजा.

संध्याकाळी काकी कंदील घेऊन आल्या. मी गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी रिकामं पाकीट मागून घेतलं आणि निघून गेल्या. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी समजलं. ते पाकीट वरच्या वाडीत गेलं, तिथून दुसऱ्या दिवशी सड्यावरच्या वाटेने एका मुलीबरोबर पलीकडच्या गावातल्या नर्सबाईंकडे. तिसऱ्या दिवशी दुपारी प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिला वर रबर लावलेलं, तेच नाव छापलेलं नवं पाकीट आमच्या पडवीत आलं. मधे किती हात लागले ते मला नीट सांगता येणार नाही. पाकीट हातात घेतलं तेव्हा घाटकोपरची ती पाण्याची बाटली आठवली.

त्यानंतरचे पावसाळे मी मोजलेत. ह्यांचंही हळूहळू जमलं. त्यांनी वाडीतल्या बायकांचे बँकेचे आणि तहसीलचे कागद करून द्यायला सुरुवात केली. आता सकाळी पडवीत दोन-तीन जणी पिशवीत कागद घेऊन बसलेल्या असतात आणि चहा मला जास्त टाकावा लागतो.

यंदा मृगाची पेरणी आटोपली आणि काकी विरारला मुलाकडे गेल्या, डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी. एवढ्या वर्षांत त्यांना आठ दिवसांवर मुंबईत कुणी ठेवू शकलं नाही. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. गाय, दोन मांजरं, तुळस, मागच्या पाटाचं दार आणि दाढीचा वाफा असं एकेक बोटावर मोजून सांगितलं. मुलगा खाली गाडीत हॉर्न वाजवत होता. पाखाडीच्या तिसऱ्या पायरीवरून त्या परत वर आल्या, तुळशीला हात लावला आणि गेल्या.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. ऑपरेशन झालंय, डोळ्याला हिरवी पट्टी आहे, सूनबाई पाणी लागू देत नाही. स्वतःचं एवढं सांगून झालं की त्या लगेच इकडचं विचारतात. काल मी फोन घेऊन वाफ्यापाशी गेले. पाऊस थोडा थांबला होता, दाढ वीतभर वर आली होती आणि वाऱ्याने एका बाजूला कलत होती. मी ते सांगितलं. पलीकडे त्यांच्या खिडकीखालून लोकल गेली. तो आवाज मी डोळे मिटून ओळखला असता, फास्ट की स्लो तेसुद्धा. गाडी जाईपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही. मग मी विचारलं, ‘काकी, कधी येताय?’