पोपटाची तब्येत

अगं ए,

तुझा फोन ठेवला आणि आधी पोटभर हसून घेतलं. प्रॅक्टिकलला पाल दिसली म्हणून स्टुलावर चढून बसणारी तू, शिकागोच्या कडाक्याच्या थंडीत एका शॅमेलिऑनच्या पिल्लापायी रडवेली झालीस! आणि त्या सरड्याचं नाव काय, तर पोपट. हे नाव तुझ्या चिरंजीवांना सुचलेलं नाही, मी लिहून देते. हा वात्रटपणा तुझाच.

हसले खरी, पण तुझं एक वाक्य काही डोक्यातून जाईना. ‘दुपारी डोळे मिटून बसतो गं.’ फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता मध्ये तोंड घालून दाखव.

तुला सांगते, शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. रात्री अंग फिकट पाडून, शेपटीची गुंडाळी करून गाढ झोपतो. तसा झोपला तर खुशाल कौतुक कर. पण दिवे लागलेले असताना डोळे मिटत असेल, तर ‘दमला असेल बिचारा’ म्हणायचं नाही. हे लेकरू कुठे ऑफिसला जातं दमायला? सरळ डॉक्टर गाठायचा. रानात जो आजारी दिसतो तो आधी खाल्ला जातो, म्हणून ही जात दुखणं लपवण्यात पटाईत. आपल्याला कळतं तोवर बरेचदा आजार मुरलेला असतो. त्यात पिल्लाच्या अंगात साठा तो कितीसा असणार!

तू रंगाचंच सारखं विचारत होतीस. रंगावर फार विसंबू नकोस. सकाळी अंग गार असतं तेव्हा तो गडद होतो, उष्णता शोषायला. घाबरला, चिडला तरी रंग पालटतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या लोकांनी 2015 मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं, की कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यामधलं अंतर कमीजास्त झालं की रंग बदलतो. तेव्हा तुझ्या नव्या पडद्यांशी मॅचिंग करायला तो हिरवा होतो, हा गोड गैरसमज सोड. मात्र ऊब मिळूनही दिवसभर काळपट, मलूल राहिला तर लक्ष दे. टाकीच्या काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल, तर दुसरा सरडा समजून तो दिवसभर धास्तावलेला राहतो, तेही बघ.

आणि ‘डोळा बाहेर आला’ म्हणून तू जी किंकाळी फोडली होतीस ना, ती फुकट गेली. डोळ्यात कचरा गेला की ते डोळा फुगवतात, फांदीवर घासतात, पुन्हा जागेवर. कात टाकतानाही पिल्लं निस्तेज दिसतात, एखाद्या दिवशी कमी खातात. वाढत्या वयात ते वरचेवर चालायचंच. पण पापणी सुजलेलीच राहिली, किंवा डोळे आत ओढल्यासारखे दिसले, तर ते साधं नव्हे. आत गेलेले डोळे म्हणजे बहुधा पाणी कमी पडतंय. त्याची विष्ठा बघतेस का? नाक मुरडू नकोस, आपण याहून वाईट बघितलंय. तिच्यासोबत लघवीचा जो घट्ट भाग पडतो, तो पांढरा हवा. पिवळा-नारिंगी झाला तर पाणी कमी. तुमच्या हीटरने घर सुकं खडखडीत होत असेल, आणि हा प्राणी वाटीतलं पाणी सहसा पीतच नाही. पानांवरचे थेंब टिपतो. तेव्हा फवारा मार, थेंब थेंब पडेल असं काहीतरी टांग, आणि तो पिताना तू दूर हो. प्रेक्षक असले की तो पीत नाही.

पिल्लांचं आणखी एक दुखणं म्हणजे हाडांचं. नेम धरून जीभ फेकणारा गडी किड्यावर चुकायला लागला, फांदीवरची पकड ढिली पडली, चालताना पाय थरथरले, कोपरात वाकडे दिसले, जबडा मऊ लागला, तर कॅल्शियम कमी पडतंय. किड्यांवर कॅल्शियमची भुकटी लावतेस, पण ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते बनायला यूव्हीबी किरण. खिडकीतल्या उन्हाचं मला कौतुक सांगू नकोस. काच ते किरण बहुतेक अडवते. यूव्हीबीच्या दिव्यावरही डोळे झाकून विसंबू नकोस. सहा महिने ते वर्षभरात उजेड तसाच राहतो, पण हे किरण क्षीण होतात. तुझा दिवा कधीचा आहे? बघ, आठवेना ना! तोंडाचंही बघ. दिव्याखाली उकडलं म्हणून तो आ वासतो, बाजूला सरकला की मिटतो. पण गार जागेत बसूनही तोंड उघडं, मान वर, फेस किंवा श्वासाचा टकटक आवाज असेल, तर छातीचं दुखणं. जबड्याच्या कडेला सूज, पिवळट पू, तेही डॉक्टरांचंच काम.

इकडची खबर म्हणशील तर उत्तरायण नुकतीच झाली. अजून झाडांना मांजा लोंबतोय, आणि संध्याकाळी तापीकाठी पोंक, म्हणजे आपला हुरडा. तुझ्या नावाने लिंबू-मरी सेव मी जास्तच खाल्ली. पावसाळ्यात आमच्या सोसायटीत घोयरा आला होता, आपला भारतीय शॅमेलिऑन. वॉचमनने काठी उगारली, शेजारच्या मासी ओरडल्या, ‘बेन, ए तो झेरी छे!’ विष नाही, काही नाही; बिचारा एक पाय उचलून पुढे टाकावा की नको याच विचारात. प्राणी वाचवणारे कार्यकर्ते झोळी घेऊन येईपर्यंत मी पदर खोचून पहाऱ्याला. एक मुलगा म्हणाला, घरी ठेवूया. त्याला सांगितलं, बाळा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने याला पाळणं गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑन असला तरी 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. मग तो घोयरा झाडीत सोडला. खरं सांगू? त्याला माझी काही गरज नव्हती. ऊन, दंव, किडे, वारा, सगळं झाडावर हजर. तुझ्या पोपटाला मात्र यातलं सगळं तूच पुरवायचंय. त्याच्या मूळ मुलखाचं, येमेनचं, ऊन नि धुकं तुला शिकागोत रोज वाढायचंय, आणि कुठे काही कमी पडलं की ते त्याच्या अंगावर उमटणार. म्हणून हातात घेऊन कुरवाळू नकोस, त्याला ते नको असतं. बघत जा. त्याचं रोजचं वागणं पाठ झालं, की बिघडलेलं आपोआप डोळ्यांत भरेल.

वही कर. खाल्लं किती, विष्ठा कशी, कात कधी टाकली. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन. या वयात ते वाढायलाच हवं. घटलं, नुसतं थांबलं तरी विचारायचं. वही चिरंजीवांना लिहू दे, तुझं अक्षर डॉक्टरांनाही लागणार नाही. तोंडात बळजबरीने पाणी घालू नकोस, छातीत जाईल. हळद तर मुळीच नको, मला माहितेय तुझा हात कुठल्या डब्याकडे जातो ते. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडेही नको. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची तिकडे एआरएव्ही नावाची संघटना आहे, तिच्या यादीत शिकागोतला कोणी शोध. जाताना ताजी विष्ठा डबीत घे, जंत तपासायला, आणि टाकीचे, दिव्याचे फोटो.

उद्याच वेळ घे. वजन कळव, दिव्याची तारीख कळव, डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द कळव. आणि त्यांच्या स्वागतिकेला पेशंटचं नाव सांगशील आणि तिने जात विचारली की शॅमेलिऑन म्हणशील, तेव्हा तिचा चेहरा कसा झाला, ते तर सगळ्यात आधी.

तुझीच,
मी