रक्ताची साक्ष

धर्मग्रामात बरीच वर्षे सेवा केलेल्या धर्मगुरूला माणसांच्या दृष्टीचा अंदाज वेदीवरूनही येतो. शास्त्रवाचन करणारी व्यक्ती ग्रंथावर किती वाकते, ओळ सुटल्यावर कोठे अडखळते, गीतपुस्तक मिटलेलेच ठेवून केवळ आठवणीवर कोण गाते, हे सारे आम्हाला दिसत असते. पुष्कळदा कारण साधे असते. चाळिशी लागलेली असते, किंवा मोतीबिंदू पिकलेला असतो. परंतु काहींच्या बाबतीत कारण रक्तात असते. गेली बारा वर्षे मधुमेह आमच्याही सोबतीला आहे. त्यामुळे या विषयात आम्हाला केवळ उपदेशकाचे स्थान उरलेले नाही.

दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतून जो कागद हाती येतो, त्यावर 'एचबीए१सी' अशी अक्षरे असतात. आपल्याकडे तिला सरळ 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात, आणि हे नाव मोठे समर्पक आहे. रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन हे एक प्रथिन आहे. रक्तात साखर वाढली की तिचा काही अंश या प्रथिनाला चिकटतो आणि तांबडी पेशी जिवंत असेपर्यंत चिकटून राहतो. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी उपवास केला, लग्नघरचे पक्वान्न नाकारले, तरी रक्त आपली मागील हकीगत सांगतेच. मधुमेही रुग्णांच्या रक्तातील हे वेगळे हिमोग्लोबिन १९६८ साली तेहरान येथे सॅम्युएल रहबार या इराणी वैद्याच्या ध्यानी आले.

या आकड्याचा डोळ्यांशी काय संबंध, हे अमेरिका व कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाने १९९३ साली दाखवून दिले. इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या १,४४१ रुग्णांना दोन गटांत विभागून सरासरी साडेसहा वर्षे पाहण्यात आले. एका गटाचे 'एचबीए१सी' सात टक्क्यांच्या आसपास राखले गेले, दुसऱ्याचे नऊच्या आसपास राहिले. ज्यांचे डोळे आरंभी निर्दोष होते, त्यांच्यात काटेकोर उपचारांमुळे दृष्टिपटलाचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रक्तातील एका प्रथिनावरून डोळ्याच्या भवितव्याचा इतका अंदाज बांधता यावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

डोळ्याच्या आत मागील बाजूस जो नाजूक पडदा असतो, त्यालाच दृष्टिपटल म्हणतात. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने त्यातील केसाहून बारीक रक्तवाहिन्या अशक्त होतात. काही झिरपू लागतात, काही बुजतात. रक्त न पोहोचलेला भाग प्राणवायूसाठी आसुसतो आणि नव्या वाहिन्या मागवणारा एक पदार्थ सोडतो. असा पदार्थ असला पाहिजे, हे १९४८ साली आयझॅक मायकेलसन यांनी मांडले होते. पुढे १९८९ मध्ये त्यासारखे काम करणारे एक प्रथिन वेगळे करण्यात आले, त्याला 'व्हीईजीएफ' हे नाव मिळाले, आणि १९९४ मध्ये ते मधुमेहींच्या डोळ्यांतील द्रवात वाढलेले आढळले. नव्या वाहिन्या येतात खऱ्या, पण त्या कच्च्या असतात. फुटतात आणि डोळा आतून रक्ताने भरतो. डोळ्यात दिली जाणारी आजची इंजेक्शने याच प्रथिनाला आवर घालतात.

मग रक्ताच्या एका थेंबावरूनच डोळ्याचा विकार का ओळखू नये? शास्त्रज्ञ त्या खटपटीत आहेत. दाह दर्शवणारी प्रथिने, चरबी वाहून नेणारी प्रथिने, 'व्हीईजीएफ' स्वतः, अशा अनेकांचे रक्तातील प्रमाण तपासले गेले आहे. परंतु रक्त सर्व शरीराचे असते. त्यात वाढलेले प्रथिन डोळ्यातून आले की मूत्रपिंडातून, की हृदयातून, हे सांगणे कठीण. प्रत्यक्ष डोळा न पाहता भागेल, अशी कोणतीही रक्तचाचणी आज रूढ झालेली नाही.

नेमके हेच आमच्या एका वाचकबंधूंना पटवून देणे आम्हाला जमले नाही. निवृत्त शिक्षक, वाणी स्पष्ट, शिस्त कडक. उतारवयात त्यांनी साखर उत्तम आटोक्यात आणली होती. "फादर, रिपोर्ट चांगला आहे, मला स्वच्छ दिसते, डोळे कशाला दाखवू?" असे ते म्हणत. एका सकाळी त्यांच्या डोळ्यापुढे काळी जाळी उतरली. एका डोळ्याची दृष्टी फारशी परत आली नाही; लेझरमुळे दुसरा वाचला. रिपोर्ट खोटा नव्हता. त्याने तीन महिन्यांची साक्ष दिली होती. दृष्टिपटलाजवळ मात्र आधीच्या वीस वर्षांचा हिशेब जमा होता. विकाराच्या पूर्वार्धात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, अक्षरही पुसट होत नाही. दिसणे कमी झाल्यावर जाणारा माणूस बहुधा उशिरा पोहोचलेला असतो.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने वर्तवला आहे. तेव्हा असे घर आपल्या प्रत्येक आळीत असणार. प्रौढ वयात मधुमेह निघाला तर त्याच वेळी डोळ्यांचा पडदा तपासावा आणि पुढे वैद्य सांगतील त्याप्रमाणे, सामान्यतः दरवर्षी, तपासत राहावा. मधुमेह असलेल्या भगिनीला दिवस गेले तर ही तपासणी लवकर व्हावी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मग आत पाहतात. त्यानंतर काही तास धूसर दिसते, उजेड सोसत नाही, एकट्याने घरी परतणे अवघड जाते. आमच्या अनुभवाने सांगतो, पुष्कळ वृद्ध एवढ्याच कारणाने जाण्याचे टाळतात. मुलाची रजा मोडायला नको, सुनेला त्रास नको, असे म्हणत वर्षे जातात. म्हणून आमची विनंती वृद्धांना जितकी, तितकीच त्यांच्या मुलांना आहे. आईवडिलांसोबत वर्षातून एक दिवस जा.

तारीख ध्यानात राहत नसेल तर आपल्या पंचांगातच एक आहे. १३ डिसेंबर हा डोळ्यांची आश्रयदाती मानल्या गेलेल्या संत लुसियाचा सण. नाताळची धांदल सुरू होण्यापूर्वी त्या आठवड्यात घरातील मधुमेहींची नेत्रतपासणी उरकून घ्यावी. आम्ही आमची वेळ घेऊन ठेवली आहे.